विद्यापीठीय फ्रेंचभाषी चित्रपट महोत्सव आणि गटचर्चा : परंपरा, स्वरूप व अध्यापनमूल्य

गोषवारा

फ्रेंच भाषेतील चित्रपट दाखवून त्यावर विद्यार्थी व अध्यापकांची चर्चा घडवून आणणारे महोत्सव अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत भरत आले आहेत. वरवर पाहता हा भाषाविभागाचा सांस्कृतिक उपक्रम वाटतो. परंतु त्यामागे फ्रान्समधील ‘सिने-क्लब’ चळवळीची सुमारे शंभर वर्षांची परंपरा आहे. प्रस्तुत लेखात या परंपरेचा मागोवा घेऊन महोत्सवाची रचना, चित्रपटांची निवड, उपशीर्षकांच्या मर्यादा आणि गटचर्चेची पद्धती यांचे विवेचन केले आहे. अशा महोत्सवाचे शैक्षणिक मूल्य दाखविलेल्या चित्रपटांच्या संख्येवर अवलंबून नसून प्रदर्शनानंतरच्या चर्चेवर अवलंबून असते, आणि त्या चर्चेच्या केंद्रस्थानी ‘ही फ्रेंच कोणाची?’ हा प्रश्न असावा लागतो, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : फ्रेंचभाषी चित्रपट, सिने-क्लब, गटचर्चा, उपशीर्षके, भाषाशिक्षण, आंतरविद्याशाखीय अध्यापन.

१. प्रस्तावना

विद्यापीठातील परकीय भाषाविभागाला आपल्या वर्गाच्या भिंतींबाहेर पोहोचण्याची संधी क्वचितच मिळते. व्याकरण, भाषांतर आणि साहित्यकृतींचे वाचन या चौकटीत त्याचे बहुतेक काम चालते व ते त्या भाषेच्या विद्यार्थ्यांपुरतेच मर्यादित राहते. चित्रपट महोत्सव ही या नियमाला अपवाद असणारी घटना होय. उपशीर्षकांच्या साहाय्याने इतिहास, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र वा विधी या विषयांचा विद्यार्थीही तेथे येऊन बसू शकतो.

या संधीचे मोल अलीकडच्या काळात अधिक जाणवू लागले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या आल्बनी येथील शाखेने २०१० मध्ये आर्थिक अडचणीचे कारण देऊन फ्रेंच, इटालियन, रशियन, अभिजात भाषा व नाट्य या अभ्यासक्रमांतील प्रवेश थांबविण्याचा निर्णय जाहीर केला होता. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २८ पदवी-पदव्युत्तर अभ्यासक्रम बंद करण्याचे ठरविले. त्यांत परकीय भाषांतील पदव्यांचा समावेश होता. अशा परिस्थितीत भाषाविभागाचे कार्य संपूर्ण विद्यापीठाला उपयुक्त कसे आहे, हे दाखवून देणे विभागाच्या अस्तित्वाशी निगडित झाले आहे. मात्र सभागृह भरणे आणि शिक्षण घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या दोहोंतील अंतर भरून काढण्याचे काम गटचर्चा करते. ते ती कशी करते आणि केव्हा करू शकत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२. ‘फ्रेंच’ आणि ‘फ्रेंचभाषी’ : संज्ञेतील भेद

‘फ्रेंच चित्रपट’ म्हणजे फ्रान्समध्ये निर्माण झालेला चित्रपट. ‘फ्रेंचभाषी चित्रपट’ ही संज्ञा याहून व्यापक आहे. बेल्जियम, स्वित्झर्लंड, कॅनडातील क्वेबेक प्रांत, सेनेगल, माली, अल्जीरिया, मोरोक्को, हैती अशा अनेक प्रदेशांतील चित्रपटांचा तिच्यात समावेश होतो. २० मार्च १९७० रोजी नायजरची राजधानी निआमे येथे २१ देशांनी फ्रेंचभाषी राष्ट्रांच्या सहकार्यसंस्थेचा करार केला. तो दिवस पुढे आंतरराष्ट्रीय फ्रेंचभाषी दिन म्हणून साजरा होऊ लागला. या दिनाचे औचित्य साधून अनेक विद्यापीठे मार्च महिन्यात असे कार्यक्रम योजतात. त्या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील फ्रेंचभाषकांची संख्या सुमारे ३२ कोटी १० लाख होती आणि तिच्यातील मोठा वाटा आफ्रिका खंडाचा होता.

या संख्येचा अर्थ केवळ भाषेच्या विस्तारापुरता मर्यादित नाही. फ्रेंच ही कोणाची मातृभाषा आहे, कोणाची शाळेची व कचेरीची भाषा आहे, तर कोणाची वसाहतीच्या सत्तेने लादलेली भाषा आहे. महोत्सवाच्या नावात ‘फ्रेंच’ऐवजी ‘फ्रेंचभाषी’ हा शब्द योजताच या तिन्ही नात्यांना एकाच पडद्यावर स्थान द्यावे लागते. केवळ पॅरिसमध्ये घडणाऱ्या कथानकांचे सहा चित्रपट निवडून महोत्सवाला ‘फ्रेंचभाषी’ म्हणणे संज्ञेच्या दृष्टीने चुकीचे नसले, तरी तिच्यातील आशयाला बगल देणारे ठरते.

३. सिने-क्लबची परंपरा

चित्रपट पाहिल्यानंतर त्यावर जाहीरपणे बोलावे, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात ती घडविली गेली आहे. १९२० मध्ये लुई देल्युक यांनी ‘सिने-क्लब’ हा शब्द शीर्षकात असलेले नियतकालिक सुरू केले. १९२१ मध्ये रिच्चोत्तो कानुदो यांनी ‘सातव्या कलेच्या मित्रांचे मंडळ’ स्थापन केले. चित्रकार, कवी व संगीतकारांच्या पंक्तीत चित्रपटाला बसविणे हा या प्रारंभीच्या मंडळांचा हेतू होता. १९२८ मध्ये लेआँ मुसिनाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्टाकसचे मित्र’ ही संस्था काढली. सार्वजनिक प्रदर्शनास मनाई असलेले सोव्हिएत चित्रपट सभासदांपुरत्या खासगी प्रदर्शनातून दाखविण्याचा मार्ग तिने शोधला. काही महिन्यांतच पोलिसांच्या दडपणामुळे तिला आपले काम थांबवावे लागले. म्हणजे सभासदांनी एकत्र येऊन चित्रपट पाहणे ही गोष्ट त्या काळीही निरुपद्रवी मानली जात नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही चळवळ लोकशिक्षणाशी जोडली गेली. ‘श्रम आणि संस्कृती’ व ‘लोक आणि संस्कृती’ या अर्थाची नावे धारण करणाऱ्या संघटनांनी कारखाने, कामगार संघटना आणि तरुणांची मंडळे यांच्यापर्यंत चित्रपट नेले. या कार्यातील अग्रणी आंद्रे बाझँ (१९१८-१९५८) हे होत. अध्यापक होण्यासाठी आवश्यक ते शिक्षण त्यांनी घेतले होते. पण बोलण्यातील अडखळण्यामुळे अध्यापनाचा पेशा त्यांना लाभला नाही. वर्ग नाकारला गेलेल्या या व्यक्तीने चित्रपटगृहालाच वर्ग बनविले, हा शिक्षणाच्या इतिहासातील लक्षणीय योगायोग होय.

बाझँ यांच्या पद्धतीचे एक उदाहरण येथे देणे उपयुक्त ठरेल. मार्सेल कार्ने यांच्या ‘ल झूर स लेव्ह’ (१९३९) या चित्रपटात झाँ गाबँ यांनी साकारलेला कामगार खून करून आपल्या वरच्या मजल्यावरील खोलीत स्वतःला कोंडून घेतो आणि दाराला कपाट लावून पोलिसांना अडवितो. चित्रपट संपल्यावर बाझँ प्रेक्षकांना त्या खोलीतील सामानाची यादी करावयास सांगत. ज्या वस्तूंचा कथेतील कृतीशी संबंध आलेला असे, त्या प्रेक्षकांना आठवत. ज्या केवळ दिसलेल्या असत, पण वापरल्या गेलेल्या नसत, त्या मात्र निसटत. या साध्या प्रश्नातून नेपथ्य, कृती व स्मृती यांचे नाते प्रेक्षकांच्या स्वतःच्या अनुभवातून उलगडत जाई. ‘चित्रपटाचा संदेश काय?’ हा प्रश्न त्यांनी आरंभी विचारला नाही, ही गोष्ट गटचर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अर्थ लावण्याचा अधिकार सर्वांना सारखा वाटत नाही. जे दिसले ते सांगण्याचा अधिकार मात्र प्रत्येकाला वाटतो.

या परंपरेची फळे दूरवर पोहोचली. ‘काइए द्यु सिनेमा’ हे मासिक १९५१ मध्ये निघाले, त्याच्या संस्थापकांत बाझँ होते. किशोरवयातच सिने-क्लब चालविण्याचा खटाटोप करणारे फ्राँस्वा त्र्युफो यांनी आपला ‘ले कात्र साँ कू’ (१९५९) हा चित्रपट बाझँ यांच्या स्मृतीस अर्पण केला. पुढे फ्रान्समध्ये १९८९ मध्ये माध्यमिक शाळांसाठी व १९९४ मध्ये प्राथमिक शाळांसाठी चित्रपटगृहात चित्रपट दाखवून त्यावर वर्गात काम करण्याच्या योजना सुरू झाल्या. भारतातही हा प्रवाह अपरिचित नाही. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. मुंबईत १९६८ पासून ‘प्रभात चित्र मंडळ’ हे कार्य करीत आले आहे. मराठीत रुळलेली ‘चित्रपट रसास्वाद’ ही संज्ञा याच प्रवाहातील होय.

४. विद्यापीठीय महोत्सवाची दोन प्रारूपे

अमेरिकेतील विद्यापीठीय महोत्सवांत दोन प्रारूपे स्पष्टपणे दिसतात.

पहिल्या प्रारूपाचे उदाहरण म्हणून व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहराचा महोत्सव घेता येईल. एका प्राध्यापक दांपत्याच्या पुढाकाराने १९९३ मध्ये सुरू झालेला हा महोत्सव व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठ व रिचमंड विद्यापीठ यांच्याशी निगडित राहिला आहे. १९२८ मध्ये उघडलेल्या भव्य बर्ड चित्रपटगृहात तो भरत आला. दिग्दर्शक, अभिनेते व तंत्रज्ञ यांना फ्रान्सहून आमंत्रित करून प्रदर्शनानंतर त्यांच्याशी प्रेक्षकांची प्रश्नोत्तरे घडविणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. विद्यापीठाने शहराला आपल्यात सामील करून घ्यावे, या भूमिकेचा हा नमुना आहे.

दुसरे प्रारूप अनुदानावर आधारलेले आहे. ‘तूर्ने’, म्हणजे फेरी किंवा दौरा, या नावाचा उपक्रम १९९५ मध्ये सुरू झाला. फेस फाउंडेशन ही संस्था आणि अमेरिकेतील फ्रेंच दूतावासाचा सांस्कृतिक विभाग यांच्या सहकार्याने तो चालविला जाई. सहभागी महाविद्यालयाने उपलब्ध यादीतून चित्रपटांचा एक संच निवडावयाचा आणि त्यात अलीकडच्या चित्रपटांबरोबर एका जुन्या अभिजात चित्रपटाचाही समावेश करावयाचा, अशी त्याची रचना होती. काही वर्षांच्या साहाय्यानंतर संस्थेने स्वतःच्या बळावर महोत्सव चालवावा, अशी अपेक्षा असे. पुढे हा उपक्रम ‘आल्बेर्तीन सिनेमातेक’ या नावाने ओळखला जाऊ लागला. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या लहान महाविद्यालयांनाही त्यामुळे सार्वजनिक प्रदर्शनाचे हक्क मिळवून चित्रपट दाखविणे शक्य झाले.

गटचर्चेच्या दृष्टीने या दोन प्रारूपांत मूलभूत फरक आहे. दिग्दर्शक समोर बसलेला असताना प्रेक्षक त्याच्याकडून उत्तर मागतो. त्याने उत्तर दिले की बहुधा विषय तेथेच मिटतो. दिग्दर्शक अनुपस्थित असेल, तर चित्रपटातील पुराव्यावरूनच बोलावे लागते; मतभेद मिटविणारा अधिकारी पुरुष तेथे नसतो. पहिल्या प्रारूपात प्रेक्षकाला निर्मितीप्रक्रियेचे प्रत्यक्ष ज्ञान मिळते, तर दुसऱ्यात त्याला वाचक व्हावे लागते. म्हणून निमंत्रित पाहुण्यांच्या अभावाला उणीव न मानता त्याकडे अध्यापनाची अनुकूल स्थिती म्हणून पाहावयास हवे.

येथे एका अडचणीचा उल्लेख आवश्यक आहे. दूतावासाच्या साहाय्याने होणारा महोत्सव हा सांस्कृतिक मुत्सद्देगिरीचाही भाग असतो. फ्रान्सने आपल्या चित्रपटसृष्टीला शासकीय आधार देण्याचे धोरण दीर्घकाळ राबविले असून, १९९३ मधील जागतिक व्यापार वाटाघाटींत दृक्-श्राव्य निर्मितीला इतर मालासारखे मानण्यास विरोध केला होता. साहाय्य देणाऱ्याचा हेतू आणि विद्यापीठाचा हेतू नेहमी एकच असेल असे नाही. तथापि फ्रेंच समाजावर व वसाहतवादावर कठोर टीका करणारे चित्रपटही त्याच भाषेत मुबलक आहेत. कोणते निवडावयाचे आणि त्यांवर किती मोकळेपणाने बोलावयाचे, हे अखेर यजमान विभागाच्या हाती राहते.

५. शीर्षकापासून चर्चा : तीन उदाहरणे

परभाषिक चित्रपटाची चर्चा कोठून सुरू करावी, हा संयोजकांपुढील व्यावहारिक प्रश्न असतो. मूळ शीर्षक व त्याचे इंग्रजी रूप शेजारी ठेवणे हा त्यावरील सोपा, परंतु फलदायी उपाय आहे.

(अ) ‘ला न्वार द...’ : सेनेगलचे ऊस्मान सेम्बेन यांचा १९६६ मधील हा चित्रपट इंग्रजीत ‘ब्लॅक गर्ल’ म्हणून ओळखला जातो. मूळ शीर्षकातील ‘द’ हे शब्दयोगी अव्यय असून त्यापुढील जागा टिंबांनी रिकामी ठेवली आहे. ‘...ची कृष्णवर्णी स्त्री’, म्हणजे कोणाच्या मालकीची? की कोठून आलेली? इंग्रजी शीर्षकात ही रिकामी जागाच नाहीशी झाली. डाकारहून फ्रान्समधील आंतीब येथे घरकामासाठी नेलेली जुआना ही यातील नायिका. मालकांशी ती जेमतेम दोन-तीन शब्द बोलते. तिचे मनोगत मात्र प्रेक्षकाला ओघवत्या फ्रेंचमध्ये ऐकू येते आणि तो आवाजही अभिनेत्रीचा नसून हैतीच्या गायिका तोतो बिसँत यांचा आहे. आईच्या नावे आलेले पत्र मालक वाचून दाखवितो आणि उत्तरही तोच लिहू लागतो, तेव्हा ती ते पत्र फाडून टाकते. येथे चर्चेसाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : जुआनाच्या मनातील भाषा फ्रेंच का? दिग्दर्शकाची ती अगतिकता मानावी, की मालकांना जे ऐकू येत नाही ते त्यांच्याच भाषेत ऐकविण्याची युक्ती? सेम्बेन यांनी फ्रेंचमध्ये कथा-कादंबऱ्या लिहिल्या होत्या. आपल्या लोकांपर्यंत त्या पोहोचत नाहीत, हे जाणवून ते चित्रपटाकडे वळले. १९६८ च्या ‘मंदाबी’मध्ये त्यांनी वोलोफ भाषेचा अवलंब केला. ही माहिती चर्चेच्या आरंभी न देता मध्यावर दिली, तर गटाला आपले मत तपासून पाहता येते.

(आ) ‘लेस्कीव्ह’ : अब्देलातीफ केशीश यांच्या या चित्रपटाने (२००३) २००५ च्या सेझार पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळविला. शीर्षकाचा अर्थ ‘हुलकावणी’. इंग्रजीत मात्र त्याला चित्रपटातील मुले बसवीत असलेल्या मारिव्हो यांच्या १७३० मधील नाटकाचे नाव देण्यात आले. पॅरिसच्या उपनगरातील, बहुतांशी स्थलांतरित कुटुंबांतील ही मुले अठराव्या शतकातील घोटीव फ्रेंच पाठ करतात आणि तालमीबाहेर आपापसात ‘व्हेर्लां’ बोलतात. ‘लांव्हेर’, म्हणजे ‘उलट’, या शब्दाचीच अक्षरे उलटवून ‘व्हेर्लां’ हे नाव बनले आहे. नाटकात मालकीण दासीचे व दासी मालकिणीचे सोंग घेते; तरीही माणसे अखेर आपापल्या वर्गातील माणसाच्याच प्रेमात पडतात. भाषा बदलली म्हणजे समाजातील स्थान बदलते का, हा प्रश्न नाटकातून चित्रपटात व चित्रपटातून चर्चेत सहज उतरतो. उपशीर्षकांत मात्र या दोन भाषांतील अंतर बरेचसे सपाट होते. म्हणून निवडक प्रसंग उपशीर्षकांविना पुन्हा ऐकविल्यास फ्रेंच न जाणणाऱ्यालाही लय, वेग व स्वर यांतील फरक जाणवू शकतो. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या उपनगरांत उसळलेल्या दंगलींचा संदर्भ समाजशास्त्राच्या अध्यापकांना येथे जोडता येतो. मात्र चित्रपटाला दंगलींचे भाकीत ठरविण्याचा मोह टाळावयास हवा.

(इ) ‘आंत्र ले म्युर’ : लोराँ काँते यांच्या या चित्रपटाला २००८ मध्ये कान महोत्सवाचा ‘पाम दोर’ हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९८७ नंतर प्रथमच फ्रान्सच्या चित्रपटाला हा मान लाभला होता. ‘भिंतींच्या आत’ या अर्थाचे शीर्षक इंग्रजीत ‘द क्लास’ झाले आणि त्यातील कोंडलेपणा हरपला. शिक्षक म्हणून काम केलेल्या फ्राँस्वा बेगोदो यांच्या पुस्तकावर तो आधारित असून, मुख्य भूमिकाही त्यांनीच केली आहे. पॅरिसच्या विसाव्या विभागातील खऱ्या विद्यार्थ्यांबरोबर वर्षभर कार्यशाळा घेऊन तीन कॅमेऱ्यांच्या साहाय्याने वर्गातील प्रसंग चित्रित करण्यात आले. शिक्षक क्रियापदाचे एक कालबाह्य लेखी रूप शिकवू लागताच, असे बोलते तरी कोण, असा प्रश्न विद्यार्थी करतात. फळ्यावरील उदाहरणवाक्यात नेहमी गोऱ्या माणसाचेच नाव का, असेही एक मुलगी विचारते. वर्षाच्या शेवटी एक विद्यार्थिनी शिक्षकाजवळ येऊन आपण काहीच शिकलो नसल्याचे शांतपणे सांगते. अध्यापकवर्गाने हा चित्रपट पाहताना शिक्षकाची बाजू घेण्याची शक्यता अधिक असते. म्हणूनच अध्यापक व विद्यार्थी यांचे मिश्र गट करून त्यावर चर्चा घेणे इष्ट ठरते.

६. जोडीने दाखविलेले चित्रपट

एकट्या चित्रपटापेक्षा परस्परांना प्रश्न विचारणारी जोडी चर्चेला अधिक बळ देते. ‘आंत्र ले म्युर’नंतर दुसऱ्या दिवशी क्वेबेकमधील फिलीप फालार्दो यांचा ‘मस्यो लाझार’ (२०११) दाखविला, तर हे स्पष्ट होते. माँट्रियलमधील एका प्राथमिक शाळेत शिक्षिकेने वर्गातच आत्महत्या केल्यानंतर तिच्या जागी अल्जीरियातून आलेला आश्रयार्थी बशीर लाझार रुजू होतो. लहान मुलांना तो बाल्झाक यांच्या कादंबरीतील उतारा शुद्धलेखनासाठी घालतो आणि मुले गोंधळतात. पॅरिसमध्ये फ्रेंच शिक्षक स्थलांतरितांच्या मुलांना ‘शुद्ध’ भाषा शिकवू पाहतो. माँट्रियलमध्ये स्थलांतरित शिक्षकच स्थानिक मुलांपेक्षा अधिक ‘शुद्ध’ भाषा घेऊन येतो. भाषेच्या शुद्धतेवर कोणाचा अधिकार, हा प्रश्न या जोडीमुळे उलटसुलट तपासता येतो. विद्यार्थ्याला स्पर्श करू नये हा तेथील शाळेचा नियम आणि शोकाकुल मुलांची गरज यांतील ताण शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र व विधी या तिन्ही विभागांना चर्चेत ओढतो.

चर्चेत ऐकीव माहिती कशी तपासावी, याचाही धडा महोत्सवातून देता येतो. बेल्जियमच्या दार्देन बंधूंच्या ‘रोझेता’ला (१९९९) ‘पाम दोर’ मिळाल्यानंतर त्या देशात तरुणांच्या रोजगाराविषयीची तरतूद ‘रोझेता योजना’ म्हणून ओळखली जाऊ लागली. चित्रपटाने कायदा घडविला, असे त्यावरून सर्रास सांगितले जाते. दिग्दर्शकांनी मात्र त्या तरतुदीची तयारी आधीच सुरू होती, असे स्पष्ट केले आहे. चित्रपटाने कायदा घडविला असे म्हणणे आणि कायद्याला चेहरा व नाव दिले असे म्हणणे यांत जे अंतर आहे, ते अर्थशास्त्राच्या व राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ओळखावे, ही अपेक्षा योग्यच आहे.

७. गटचर्चेची पद्धती

गटचर्चा आपोआप घडत नाही. चित्रपट संपताच दिवे लागतात, निम्मे प्रेक्षक उठतात आणि उरलेल्यांना उद्देशून एखादा तज्ज्ञ वीस मिनिटे बोलतो. हा प्रकार व्याख्यानाचा होय. त्यास चर्चा म्हणता येणार नाही. पुढील चार टप्पे या दृष्टीने उपयुक्त ठरतील.

पहिला टप्पा पूर्वतयारीचा. प्रदर्शनापूर्वीची प्रस्तावना पाच मिनिटांहून अधिक नसावी. निर्मितीचे वर्ष, प्रदेश, भाषेचे स्वरूप आणि पाहताना कान देण्याजोगी एखादी गोष्ट एवढेच सांगावे. अर्थ सांगू नये.

दुसरा टप्पा वर्णनाचा. आठ ते बारा जणांचे गट करावेत व प्रत्येक गटात किमान दोन विद्याशाखांचे सभासद असावेत. पहिली दहा मिनिटे केवळ काय दिसले आणि काय ऐकू आले, याचीच नोंद व्हावी. बाझँ यांच्या सामानाच्या यादीप्रमाणे येथेही एखादा मूर्त प्रश्न द्यावा. उदाहरणार्थ, जुआनाने मालकांना भेट दिलेला मुखवटा चित्रपटात कोठकोठे दिसतो?

तिसरा टप्पा अर्थनिर्णयाचा. प्रत्येक मताला चित्रपटातील प्रसंगाचा आधार मागावा. फ्रेंच जाणणाऱ्या सदस्याने येथे मूळ संवाद व उपशीर्षक यांतील तफावत दाखवून द्यावी. अशा वेळी भाषेचा विद्यार्थी गटाला आवश्यक असा जाणकार ठरतो. आपल्या अभ्यासाचा उपयोग त्याला स्वतःलाही प्रथमच दिसतो.

चौथा टप्पा एकत्रीकरणाचा. प्रत्येक गटाने निष्कर्षाऐवजी न सुटलेला एक प्रश्न सर्वांसमोर मांडावा. निष्कर्ष मागितल्यास गट घाईने एकमत करतो. प्रश्न मागितल्यास मतभेद टिकून राहतात.

या पद्धतीलाही धोके आहेत. चर्चा आवडनिवडीपुरती राहू शकते. एका चित्रपटावरून ‘फ्रान्समध्ये असेच असते’ किंवा ‘आफ्रिकेत तसेच घडते’ असा ठोकळेबाज निष्कर्ष काढला जाऊ शकतो. भाषेचा अध्यापक चर्चेला शब्दसंग्रहाच्या सरावाचे रूप देऊ शकतो. आणि बोलक्या सदस्यांच्या गर्दीत, ज्याच्या घरची परिस्थिती पडद्यावरील पात्राशी सर्वांत जवळची आहे, तोच गप्प राहू शकतो. या शेवटच्या धोक्याकडे सूत्रधाराने सर्वाधिक लक्ष द्यावयास हवे. अशा सदस्याला साक्षीदार म्हणून पुढे ओढणे हे त्याला वगळण्याइतकेच अनुचित होय. त्याला लेखी अभिप्रायाची वाट मोकळी ठेवणे हा त्यावरील सौम्य उपाय आहे.

८. निष्कर्ष

१) विद्यापीठीय फ्रेंचभाषी चित्रपट महोत्सव ही सिने-क्लब चळवळीची शैक्षणिक शाखा होय. त्या चळवळीत प्रदर्शन व चर्चा हे एकाच कार्यक्रमाचे दोन भाग होते. महोत्सवातही ते विलग करता येत नाहीत.

२) ‘फ्रेंचभाषी’ ही संज्ञा गांभीर्याने घेतल्यास सेनेगल, क्वेबेक, बेल्जियम व पॅरिसची उपनगरे यांना एकत्र आणावे लागते आणि भाषा व सत्ता यांचे नाते चर्चेच्या केंद्रस्थानी येते.

३) शीर्षकांचे भाषांतर, उपशीर्षकांतील तफावत आणि चित्रपटांच्या जोड्या ही चर्चा सुरू करण्याची कमी खर्चाची व परिणामकारक साधने आहेत.

४) वर्णनाकडून अर्थाकडे आणि अर्थाकडून प्रश्नाकडे जाणारी छोट्या गटांची चर्चा ही तज्ज्ञांच्या व्याख्यानापेक्षा आंतरविद्याशाखीय सहभागास अधिक पोषक ठरते.

५) भाषाविभागांचे भवितव्य अनिश्चित होत असताना केवळ उपस्थितीचे आकडे त्यांचा बचाव करू शकणार नाहीत. इतर विभागांना जो प्रश्न भाषेच्या जाणकाराशिवाय सोडविता येत नाही, असा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवणे हेच विभागाच्या उपयुक्ततेचे खरे प्रमाण होय. जुआनाच्या मनातील भाषा कोणती, हा तसाच एक प्रश्न आहे. आणि तो सुटण्यासाठी इतिहासाचा, समाजशास्त्राचा व फ्रेंचचा विद्यार्थी एकाच गटात बसलेला असावा लागतो.